ओळखीवर न चालणारा संगणक

आपली मुले इंजिनिअरिंग किंवा एमसीए करून पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत लागतात, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांतच एक गोष्ट त्यांच्या लक्षात येते. परीक्षेत जे विचारतात ते पुस्तकात असते. कामावर जे लागते ते माणसांकडे असते. सर्व्हर अडकला तर आधी कोणती लॉग फाइल उघडायची, कोणता मेसेज घाबरण्यासारखा आणि कोणता सोडून देण्यासारखा, नव्या मशिनवर काय काय बसवून घ्यायचे, हे शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला ठाऊक असते. त्याला ते कॉलेजच्या सिनिअरने सांगितलेले असते आणि सिनिअरला अमेरिकेतल्या मावसभावाने. ज्या घरात संगणकाला पहिला हात लावणारी व्यक्ती तीच मुलगी आहे, तिला असा मावसभाव नसतो. चहाच्या आणि डब्याच्या वेळी कोण कोणाबरोबर बसतो, यावर कोणाला किती ज्ञान मिळते हे ठरते. आणि आपल्या देशात कोण कोणाबरोबर बसतो हे कशावर ठरते, ते तुम्हाला नव्याने सांगायला नको.

नेटवर्क या शब्दाला म्हणूनच आयटीत दोन अर्थ आहेत. एक केबल आणि वायफायचे नेटवर्क, दुसरे ओळखीपाळखीचे. पहिले आपल्याला कॉलेजात शिकवले. दुसऱ्यात आपल्याला जागा नाही, आणि ती मिळावी म्हणून कोणाच्या मागेपुढे करावे असेही मला वाटत नाही. मग मार्ग काय? माझे म्हणणे असे, की जे ज्ञान तोंडातोंडी फिरते त्याच्यामागे धावत बसू नये. जे ज्ञान पूर्णपणे लिहून ठेवलेले आहे, तिथे जाऊन मुक्काम करावा.

संगणकाच्या जगात अशी एक जागा आहे. तिचे नाव ओपनबीएसडी. विंडोजसारखीच ही एक ऑपरेटिंग सिस्टिम, पण फार थोडे लोक वापरतात अशी. दुकानात कोणत्याही लॅपटॉपवर ती घालून मिळत नाही. गेली काही वर्षे माझे लेखन, मेल, हिशेब आणि प्रोग्रामिंग एका जुन्या थिंकपॅडवर याच सिस्टिमवर चालते. आपल्यातल्या ज्या तरुणांना प्रोग्रामिंग हे पोटाचे साधन करायचे आहे, त्यांनी किमान एक वर्ष ती रोजच्या कामाला वापरावी, असे माझे ठाम मत आहे. का, ते सांगतो. तिच्यात काय नाही, तेही सांगतो.

बाहेर काढलेल्याचे घर

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे युनिक्सवर जे काम झाले, त्यातून बीएसडी हे घराणे निघाले. या घराण्यात १९९३ साली नेटबीएसडी हा प्रकल्प उभा राहिला. त्याच्या संस्थापकांपैकी एक थिओ डी राट. कॅनडातील कॅलगरी शहरात राहणारा, कामाला चोख आणि तोंडाने फटकळ माणूस. डिसेंबर १९९४ मध्ये बाकीच्या प्रमुखांनी त्याला मुख्य मंडळातून काढले. मूळ कोडमध्ये थेट बदल करण्याचा त्याचा अधिकारही गेला. त्या भांडणात कोणाचे किती चुकले, हा आपला विषय नाही. त्याने पुढे काय केले, हा आहे.

ऑक्टोबर १९९५ मध्ये त्याने ओपनबीएसडी सुरू केली आणि चक क्रॅनर या सहकाऱ्याबरोबर कोडचे सगळे दप्तर इंटरनेटवर उघडे करून टाकले. तोवर अशा प्रकल्पांतून तयार कोड अधूनमधून बाहेर येई. पण आज कोणती ओळ कोणी बदलली आणि का बदलली, हे आतल्या मंडळींनाच दिसे. बाहेरच्याला दुरुस्ती सुचवायची तर तो शिळ्या कोडवर काम करत राही. आता कोणीही, नाव न सांगता, परवानगी न मागता, ताजा कोड आणि त्याचा सगळा इतिहास पाहू शकत होता. नावातले ‘ओपन’ तिथून आले आहे. ज्याला स्वतःला दाराबाहेर उभे राहावे लागले, त्याने आपल्या घराला दारच ठेवले नाही.

आज मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात ही पद्धत इतकी सर्वसाधारण झाली आहे, की ती कोणीतरी सुरू केली होती हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

बटण कुठे आहे आणि ते कसे चालते

महाराष्ट्रात संगणक साक्षरता म्हटले की एमएस-सीआयटी डोळ्यांसमोर येते. २००१ पासून लाखो मुलांनी हा कोर्स केला. सरकारी नोकरीच्या अर्जाला त्याचे प्रमाणपत्र लागते, म्हणून खेड्यापाड्यांतल्या आई-बापांनी पोटाला चिमटा काढून फी भरली. त्या कोर्सने माउस धरायला, पत्र टाइप करायला, एक्सेलमध्ये बेरीज करायला शिकवले. हे लहान काम नाही. पण त्यात शिकवले जाते ते बटण कुठे आहे. बटण दाबल्यावर आत काय होते, हा प्रश्न तिथे येत नाही, आणि विंडोजवर तो विचारायचीही सोय नाही. विंडोजचा कोड बंद आहे. पुढच्या आवृत्तीत बटण दुसरीकडे गेले की शिकलेले अर्धे वाया जाते.

बाबासाहेबांनी जातीची चिकित्सा करताना दाखवून दिले, की ही व्यवस्था कामांबरोबर काम करणाऱ्या माणसांनाही वेगवेगळ्या कप्प्यांत कोंडते. संगणकाच्या धंद्यात असे कप्पे तयार होतच आहेत. तळाचा कोड लिहिणारे एका कप्प्यात, तो वापरून वस्तू बनवणारे दुसऱ्यात, त्या वस्तूवर डेटा भरणारे आणि तक्रारींचे फोन उचलणारे तिसऱ्यात. आपली मुले शेवटच्या कप्प्यात भरली जाणार असतील, तर हातात लॅपटॉप आला एवढ्यावर आनंद मानायचे कारण नाही. तळापर्यंत जाण्याची वाट आपल्याला हवी.

ओपनबीएसडीची वाट अशी आहे. पाऊण जीबीच्या आसपासची एक इमेज पेन ड्राइव्हवर उतरवायची. इन्स्टॉलर चित्रे दाखवत नाही, साधे प्रश्न विचारतो. मशिनचे नाव काय, नेटवर्क कोणते, पासवर्ड काय, डिस्क कुलूपबंद करायची का. पंधरा-वीस मिनिटांत काम आटोपते. त्यानंतर संगणकावर काय काय असते, ते पाहा. सी भाषेचा कंपायलर, पर्ल, एडिटर, वेब सर्व्हर, मेल सर्व्हर, फायरवॉल, खिडक्या दाखवणारी यंत्रणा, आणि या सगळ्याचे संपूर्ण मॅन्युअल. हे मॅन्युअल इंटरनेटवर नाही, तुमच्या डिस्कवर असते. नेटचा रिचार्ज संपला, गावात रेंज गेली, तरी ते उघडते.

मॅन पेज हा प्रकार लिनक्सवरही असतो. फरक असा, की ओपनबीएसडीत मॅन्युअलमधली चूक ही प्रोग्राममधल्या चुकीइतकीच गंभीर मानतात. कोणी प्रोग्रामची वागणूक बदलली की त्याच्याबरोबर त्याचे पानही बदलले पाहिजे, असा तिथला दंडक आहे. प्रत्येक आज्ञेचे पान आहे, प्रत्येक सेटिंगच्या फाइलीचे आहे, प्रत्येक हार्डवेअर ड्रायव्हरचे आहे. सिस्टिम बसवून झाल्यावर आधी काय तपासावे याचेही वेगळे पान आहे. पानाच्या शेवटी बहुधा चालणारी उदाहरणे असतात. म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला जे विचारायला आपली मुलगी कचरते, ते इथे लिहिलेले आहे, आणि वाचणाऱ्याचे आडनाव कोणी विचारत नाही.

वाचण्याजोगा कोड

मॅन्युअलच्या खाली कोड आहे. फाइलीतला मजकूर पडद्यावर दाखवणारी ‘कॅट’ ही आज्ञा घ्या. ओपनबीएसडीत तिचा कोड अडीचशे ओळींच्या आसपास आहे. सी भाषा एक सत्र शिकलेल्या विद्यार्थ्याला तो एका संध्याकाळी वाचून समजतो. लिनक्सवर जी कॅट चालते ती याहून बरीच मोठी आहे, कारण तिच्यावर नाना सोयींचा आणि वेगाचा भार आहे. शिकणाऱ्याला लहान कोड हवा. कॉलेजात आपण ‘हॅलो वर्ल्ड’ लिहितो आणि थेट मोठमोठ्या फ्रेमवर्कवर उडी मारतो. मधला जिना कोणी दाखवत नाही. तो जिना म्हणजे खऱ्या जगात रोज चालणारे, पण एका बैठकीत वाचता येणारे प्रोग्राम.

ही कॅट वाचताना सुरुवातीलाच एक ओळ भेटते: प्लेज. प्लेज म्हणजे वचन. प्रोग्राम कर्नलला सांगतो, की यापुढे मी फक्त फाइली वाचण्याचे आणि पडद्यावर लिहिण्याचे काम करीन. नेटवर्ककडे जाणार नाही, दुसरा प्रोग्राम सुरू करणार नाही. पुढे कोणी फसवून त्याच्याकडून दुसरे काही करवून घेऊ लागले, तर कर्नल त्याला जागेवर बंद पाडते. ही सोय २०१६ पासून ओपनबीएसडीत आहे. २०१८ मध्ये तिच्या जोडीला ‘अनव्हील’ आले. त्यात प्रोग्राम आपल्याला डिस्कवरचे कोणते फोल्डर दिसावेत तेही आधीच जाहीर करतो.

याचा अनुभव रोजच्या कामात येतो. फायरफॉक्स किंवा क्रोमियममधून नोकरीच्या अर्जाला बायोडाटा जोडायला जावे, तर तो दिसतच नाही, कारण ब्राउझरला तुमच्या फायलींपैकी फक्त डाउनलोड्सचा फोल्डर दिसतो. बायोडाटा तिथे नेऊन ठेवावा लागतो. पहिल्या दिवशी वैताग येतो. पण विचार करा. ब्राउझर हा तुमच्या मशिनवरचा सर्वांत जास्त अनोळखी लोकांशी बोलणारा प्रोग्राम. त्याला तुमच्या घरातले प्रत्येक कपाट कशाला उघडे हवे? मायक्रोफोन आणि कॅमेऱ्याचेही तसेच. ते मुळातच बंद असतात. ऑनलाइन मुलाखत असेल तर मशिनच्या मालकाने स्वतः आज्ञा देऊन सुरू करायचे. आंदोलनात काम करणाऱ्यांच्या लॅपटॉपबद्दल देशात गेल्या काही वर्षांत जे वाद झाले, ते आठवले तर या गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. अर्थात, कोणतीही सिस्टिम अभेद्य नसते, आणि बेफिकीर माणसाला ओपनबीएसडीही वाचवू शकत नाही.

थोडक्यांचे काम, सगळ्यांच्या घरात

“इतके थोडे लोक वापरतात, मग त्यात अर्थ काय?” हा प्रश्न नेहमी येतो. थोडक्या माणसांच्या कामाला बहुसंख्येच्या मापाने मोजायची सवय आपल्या चळवळीने तरी लावून घेऊ नये.

जगभरातल्या सर्व्हरवर दुरून काम करायला एसएसएच वापरतात. त्यातला सर्वांत जास्त चालणारा प्रोग्राम ओपनएसएसएच, तो १९९९ साली ओपनबीएसडीच्या लोकांनी तयार केला. मॅकवर तोच आहे, लिनक्सच्या सर्व्हरवर तोच आहे, २०१८ पासून विंडोज १० मध्येही तोच येतो. पुण्याच्या आयटी पार्कमध्ये बसून क्लाउडवरच्या सर्व्हरमध्ये शिरणारा प्रत्येक जण, नाव माहीत नसले तरी, या लहान प्रकल्पाच्या दारातून जातो. २००१ मध्ये परवान्याच्या वादामुळे त्यांना आपली फायरवॉल काढून टाकावी लागली. डॅनिएल हार्टमायर या प्रोग्रामरने नवी लिहिली, आणि तिला त्याच वर्षाअखेरच्या आवृत्तीत जागा मिळाली. ती पीएफ आज मॅकमध्येही आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही चूक उघड झाली आणि अर्धे इंटरनेट हादरले. ओपनबीएसडीवाल्यांनी तो कोड घेऊन साफसफाई सुरू केली. पहिल्याच आठवड्यात ९० हजारांहून अधिक ओळी काढून टाकल्या. लिब्रेएसएसएल त्यातून जन्मले.

अजून दोन उदाहरणे देतो, कारण त्यांत शिकण्यासारखे आहे. सी भाषेत मजकूर एका जागेतून दुसरीकडे नेताना जागा अपुरी पडली की शेजारची मेमरी खराब होते. जुन्या काळापासून हल्लेखोरांची ही आवडती फट. ती बुजवायला ओपनबीएसडीने १९९८ साली एसटीआरएलसीपीवाय नावाचे साधे फंक्शन आणले. लिनक्सच्या मुख्य सी लायब्ररीच्या कर्त्यांनी ते वर्षानुवर्षे नाकारले. शेवटी २०२३ साली घेतले. पंचवीस वर्षे लागली. दुसरे उदाहरण जुलै २०२४ चे. ओपनएसएसएचमध्ये लिनक्सवर मशिनचा पूर्ण ताबा देणारी चूक सापडली. खुद्द ओपनबीएसडीवर तिचा परिणाम झाला नाही, कारण लॉग लिहिण्याची तीच धोक्याची जागा त्यांनी २००१ मध्येच सुरक्षित करून ठेवली होती. बरोबर असलेली गोष्ट बहुसंख्येने मान्य करण्याची वाट न बघता करून ठेवायची असते, हे आपल्याला कोणी बाहेरच्याने शिकवावे असे नाही. पण तंत्रज्ञानातही ते तसेच घडते, हे पाहायला बरे वाटते.

पैशाची बाजूही पाहू. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या दार्पा या संस्थेकडून प्रकल्पाला काही काळ मोठे अनुदान मिळत होते. २००३ साली इराक युद्ध सुरू असताना डी राट याने एका वृत्तपत्राशी बोलताना त्या युद्धाविरुद्ध मत मांडले. त्यानंतर लवकरच ते अनुदान थांबले. प्रकल्प थांबला नाही. सीडी आणि टी-शर्ट विकून, वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर तो चालत राहिला. जानेवारी २०१४ मध्ये सर्व्हरच्या वीजबिलाचे २० हजार डॉलर भरायची अडचण आली, तेव्हा त्यांनी उघडपणे सांगितले आणि लोकांनी पैसे दिले. पुढे मायक्रोसॉफ्टनेही देणगी दिली, कारण ओपनएसएसएच त्यांनाही हवे होते. वर्गणीवर चालणाऱ्या चळवळीला हे चित्र अनोळखी वाटू नये. ज्याच्या पैशावर चालतो त्याच्याविरुद्ध बोलता येत नसेल, तर तो पैसा महाग पडतो.

जे नाही, ते नाही

आता दुसरी बाजू. ती लपवून कोणाला या वाटेवर आणणे म्हणजे फसवणूक होईल.

ब्लूटूथ नाही. ते २०१४ मध्ये काढून टाकले, कारण कोड नीट नव्हता. वायरचे इअरफोन लागतात. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाला नीट आधार नाही, म्हणून गेम आणि मशिन लर्निंगची जड कामे विसरा. डॉकर चालत नाही, तो लिनक्सच्या कर्नलवर अवलंबून आहे; हवाच असेल तर आत आभासी लिनक्स बसवून काम भागवावे लागते. अँड्रॉइड स्टुडिओ नाही. त्याच मशिनवर लिनक्स थोडे जलद वाटते. फाइल सिस्टिम जुन्या पद्धतीची आहे. अचानक वीज गेली तर पुढच्या वेळी सुरू होताना डिस्क तपासण्यात वेळ जातो, आणि क्वचित तुम्हाला हाताने तपासणी चालवावी लागते. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून चालते. भारनियमनाच्या गावात यूपीएसशिवाय डेस्कटॉपवर हे करू नका.

मराठीचे सांगायचे तर ब्राउझर आणि लिब्रेऑफिसमध्ये युनिकोड मराठी उत्तम दिसते. नोटो फॉन्टचे पॅकेज बसवावे लागते. इनस्क्रिप्टचा कळपाट खिडक्यांच्या यंत्रणेतच मिळतो. पण नेहमीच्या टर्मिनलमध्ये जोडाक्षरे मोडतात. शब्दांची यादी क्रमाने लावायला सांगितली तर ‘ळ’ हा ‘ह’ नंतर न येता ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये येऊन बसतो, कारण सिस्टिम मराठीचा वर्णक्रम जाणत नाही, युनिकोडमधल्या क्रमांकावर जाते. श्रीलिपीत मासिके आणि पत्रके लावणाऱ्या डीटीपी ऑपरेटरने, टॅली चालवणाऱ्याने, ई-निविदेसाठी डिजिटल सहीचे टोकन वापरणाऱ्याने विंडोज ठेवलेच पाहिजे. त्यांना मी हा सल्ला देत नाही. ज्याला प्रोग्रामर व्हायचे आहे, त्याला देतो आहे.

आणखी एक. हा प्रकल्प समतेचा आदर्श वगैरे नाही. शेवटचा शब्द डी राट याचाच असतो. मेलिंग लिस्टवर मॅन्युअल न वाचता प्रश्न विचारणाऱ्याला तिथे तिखट उत्तर मिळते. इथे अंगठा मागणारा गुरू नाही, तसा गोड बोलणाराही कोणी नाही. पण त्या तिखट उत्तराचा आशय बहुतेक वेळा एवढाच असतो: अमुक पान वाच. आणि ते पान खरोखर असते, त्यात उत्तर असते. गोड हसून माहिती दडवणाऱ्या ऑफिसपेक्षा मला हा तिखटपणा परवडतो.

चार आक्षेप

पहिला आक्षेप नोकरीचा. ओपनबीएसडी येते म्हणून कोण नोकरी देणार? जवळजवळ कोणी नाही. जाहिरातीत लिनक्स लागते, क्लाउड लागते. पण मुलाखतीत जे प्रश्न अडवतात, ते प्रोसेस म्हणजे काय, फाइलीच्या परवानग्या कशा चालतात, नेटवर्कवर पॅकेट कुठून कुठे जाते, मेमरी कोण वाटते, या प्रकारचे असतात. स्वतःच्या मशिनचे नेटवर्क एका ओळीच्या फाइलीतून स्वतः लावणाऱ्याला ही उत्तरे पाठ करावी लागत नाहीत. इथे मिळवलेली समज लिनक्सवर तशीच्या तशी उपयोगी पडते. आज्ञा बदलतात, पाया तोच राहतो.

दुसरा आक्षेप: मग सरळ लिनक्सच का नको? लिनक्स चांगले आहे, आणि ते शिकावेच लागेल. अडचण अशी, की तिथे कर्नल एका गटाचे, आज्ञा दुसऱ्या गटाच्या, सुरू-बंद करणारी यंत्रणा तिसऱ्याची, आणि हे सगळे एकत्र बांधणारी वितरणे डझनावारी. उत्तर शोधायला जावे तर दहा वर्षांपूर्वीचा सल्ला, दुसऱ्याच वितरणाचा सल्ला आणि चुकीचा सल्ला एकाच पानावर भेटतात. जुन्या माणसाला त्यातले खरे-खोटे कळते. नवख्याला ते सांगणारा माणूस लागतो. म्हणजे पुन्हा ओळख लागली. ओपनबीएसडीत कर्नल, आज्ञा आणि मॅन्युअल एकाच गटाचे, एकाच झाडावरचे. दर सहा महिन्यांनी सगळे एकत्र नवे होते, तेही एका आज्ञेत. आजकाल मुले थेट चॅटबॉटला विचारतात. तो या सिस्टिमबद्दल बेधडक लिनक्सच्या आज्ञा सांगतो, असा माझा रोजचा अनुभव आहे. तेव्हा मॅन पेज उघडून खरे काय ते बघावेच लागते. यंत्राने सांगितले ते लिखित पुराव्यावर तपासून घेण्याची ही सवय पुढच्या काळात पगारापेक्षा जास्त कामाला येईल.

तिसरा आक्षेप इंग्रजीचा. हा सर्वांत खरा आक्षेप आहे. सगळे मॅन्युअल इंग्रजीत आहे, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाला त्याची भीती वाटते. पण हे इंग्रजी कादंबरीचे नाही, वकिलाच्याही नोटिशीचे नाही. वाक्ये लहान, शब्द तेच तेच, मांडणी प्रत्येक पानावर सारखी: नाव, वापर, वर्णन, उदाहरणे. तीस-चाळीस पाने शब्दकोश घेऊन वाचली की पुढची आपोआप सुटू लागतात. ग्रंथांसाठी राजगृह बांधणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी आहोत. पुस्तक परक्या भाषेत आहे म्हणून ते मिटून ठेवणे आपल्याला शोभत नाही. आणि एकाने वाचले की पुढच्या दहा जणांसाठी मराठीत लिहिणे हे त्याचे काम आहे. इंग्रजी आपल्याला अडवते ही तक्रार खरी, पण ती वाट सोपी करायला बाहेरून कोणी येणार नाही.

चौथा आक्षेप: हे पोट भरलेल्यांचे छंद आहेत. तो उलटून पाहा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आपल्या वस्त्यांतल्या मुलांकडे असलेले सेकंडहँड लॅपटॉप बहुतेक यात बसत नाहीत. कंपनी म्हणते नवे घ्या. त्याच जुन्या मशिनवर ओपनबीएसडी सुखाने चालते, चार जीबी रॅमवर प्रोग्रामिंग शिकता येते, परवान्याचा एक रुपया लागत नाही आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात. पोट भरलेल्याला याची गरजच नाही. तो नवा मॅक घेईल.

काय करायचे

ज्याच्याकडे एकच मशिन आहे, त्याने घाईने विंडोज पुसू नये. आधी दुसरी जुनी हार्ड डिस्क किंवा एखादा पडून असलेला लॅपटॉप शोधा. जुने थिंकपॅड सर्वांत सोयीचे. वायफायचे फर्मवेअर उतरवायला पहिल्यांदा नेट लागते. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग केले की ते काम होते. मग फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, पायथन, आणि जी भाषा शिकत असाल तिचे पॅकेज बसवा. दहा हजारांहून अधिक पॅकेजे तयार मिळतात. रोजचे मेल, रोजचे टिपण, रोजचा कोड इथेच करा. अडलात तर नेटवर शोधण्याआधी मॅन पेज उघडा. हा एक नियम पाळला तरी वर्षभरात फरक दिसेल.

आपल्याकडे गावोगावी बुद्धविहारात आणि समाजमंदिरात अभ्यासिका चालतात. स्पर्धा परीक्षांची पुस्तके तिथे असतात, आणि ती असायलाच हवीत. त्याच खोलीच्या एका कोपऱ्यात असे एक जुने मशिन ठेवायला फार खर्च नाही. आठवड्याला एक मॅन पेज पाच जणांनी मिळून वाचायचे, एकाने फळ्यावर मराठीत समजावायचे, एकाने ते लिहून ठेवायचे. महिन्याला एक लहान प्रोग्रामचा कोड वाचायचा, सुरुवात कॅटपासून. मॅन्युअलमध्ये चूक दिसली तर दुरुस्ती करून पाठवायची. ती चांगली असेल तर घेतली जाते, आणि पाठवणाऱ्याचे गाव नकाशावर कुठे आहे हे तिथे कोणी पाहत नाही.

‘ळ’ ला त्याच्या जागी बसवण्याचे काम अजून कोणी केलेले नाही. ते कॅलगरीत बसलेल्या माणसाच्या डोक्यात येणार नाही. मराठी वर्णमाला ज्याने पहिलीत घोकली आणि सी भाषेत चारशे ओळी ज्याने वाचल्या, अशा कोणालाही ते हाती घेता येईल. आपल्या अभ्यासिकांतून तो किंवा ती निघाली पाहिजे.